परमुलखात मुक्काम कुठे? गाडगेबाबांच्या खोल्यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग आज सुरुवात तुमच्या फोनपासूनच करू.

बाहेरगावी जायचं ठरलं की आपण काय करतो? ॲप उघडतो, तारीख टाकतो, भाडं कमी ते जास्त असं लावून घेतो. मग रिव्ह्यू. त्यातही आधी बाथरूमचे फोटो, कारण सोबत आई असते, आजी असते, लहान पोरं असतात. जागा स्वच्छ पाहिजे आणि परवडली पाहिजे. एवढं जमलं की बुकिंग करून मोकळे.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या वऱ्हाडातून निघालेल्या बऱ्याच माणसांना याच्याही आधी एक प्रश्न पडायचा. आपल्याला आत घेतील का? भाडं किती, चादर धुतलेली आहे की नाही, हे सगळं नंतरचं.

या प्रश्नांच्या मागे एक माणूस आयुष्यभर लागला होता. अमरावती जिल्ह्यात जन्मलेला, शाळेत न गेलेला, हातात कायम खराटा. ओळखलंच असेल तुम्ही. गाडगेबाबा.

आता गाडगेबाबा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेच्या भिंतीवरचं चित्र, ग्रामस्वच्छता अभियान, अमरावती विद्यापीठाचं नाव, आणि डॉ. श्रीराम लागूंचा १९७७ चा ‘देवकीनंदन गोपाला’. सगळीकडे खराटा दिसतो. त्यांनी बांधलेल्या खोल्या मात्र फोटोत येत नाहीत. मला विचाराल तर खोल्यांचं काम जास्त अवघड होतं. रस्ता एका दिवसात झाडून होतो, धर्मशाळा वर्षानुवर्षं चालवावी लागते.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, लवकर आटोपतो. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला. म्हणजे जन्म अमरावतीचा, वाढ अकोल्याची, तेव्हा बाबा कोणाचे यावरून दोन जिल्ह्यांनी भांडायचं कारण नाही. मामाकडे गुरं राखली, शेती केली, लग्न झालं, लेकरं झाली. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं आणि पुढची कितीतरी वर्षं ते चालत राहिले. अंगावर चिंध्या, जेवायला मातीचं फुटकं गाडगं, झोपायला मिळेल ती जागा. मुक्कामाला जागा न मिळणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आता ‘परमुलूख’ हा शब्द मी का वापरतोय? त्या काळात वऱ्हाड महाराष्ट्रात नव्हतं, कारण महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा, आणि १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडलेलं. पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई हे सगळं दुसऱ्या प्रांतात. पासपोर्ट लागत नव्हता हे खरं, पण अकोल्याच्या शेतकऱ्याला मुंबई ही परकी जागाच होती. भाषा तीच, तरी ओळखीचं कुणी नाही.

जायची सोय मात्र झाली होती. रेल्वे १८६७ सालीच नागपूरपर्यंत पोचली होती, वाटेत अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. बार्शी लाइटची छोटी गाडी १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपुरात शिरली. गाडीने माणसं भराभर नेऊन उतरवली, पण उतरल्यावर त्यांनी जायचं कुठे, हे रेल्वेने बघितलं नाही. साहेबासाठी डाक बंगला होता. व्यापाऱ्याला पेढीवर ओळख निघायची. पंढरपुरात बडव्यांचे, क्षेत्रोपाध्यांचे वाडे होते, फडांचे मठ होते. ज्याच्या घराण्याची तिथे वहिवाट, त्याची सोय व्हायची. बाकीच्यांना चंद्रभागेचं वाळवंट. आणि लाखो माणसं उघड्यावर राहिली, तेच पाणी प्यायली, तिथेच शौचाला बसली की काय होतं, ते एकोणिसाव्या शतकातल्या यात्रांनी पुन्हा पुन्हा बघितलं होतं. पटकी, म्हणजे कॉलरा. तो यात्रेत लागायचा आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव जायचा. स्वच्छ जागा मिळणं हा तेव्हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

बाबांनी बांधकामाला सुरुवात आपल्याच भागात केली. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे, तिथली पौषातली यात्रा तुमच्यापैकी कित्येकांनी बघितली असेल. लोक चिखलातून घसरत नदीत उतरायचे, तिथे घाट बांधून घेतला. मग मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा. मूर्तिजापूर म्हणजे मोठ्या लाइनवरचं स्टेशन आणि तिथूनच यवतमाळ-अचलपूरकडे जाणारी शकुंतला. गाडी बदलायची म्हणजे रात्र काढावी लागणार, हे गणित या भागात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण खरी कसोटी पंढरपुरात होती. १९१७ साली त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळेचं काम हाती घेतलं. हे साल जरा लक्षात ठेवा. विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळाला १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे तीस वर्षं आधीची ही गोष्ट. अमरावतीहून, अकोल्याहून एखादं महार कुटुंब तिकीट काढून पंढरपूरला यायचं, महाद्वारापाशी चोखोबाच्या समाधीजवळ थांबायचं, तिथूनच हात जोडायचं. देव बाहेरूनच. मग रात्री? वाड्यात घेणार नाहीत. मठात घेणार नाहीत. बाई बाळंतपणातून नुकतीच उठलेली असो, म्हातारं तापाने फणफणत असो, वाळूच.

त्या माणसांसाठी पक्क्या भिंतीची, छपराची जागा उभी राहिली, आणि तिला नाव दिलं चोखोबाचं. चोखोबा बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचे अशी परंपरा आहे, म्हणजे तेही वऱ्हाडातलेच. देवळाचं दार उघडायची वाट न बघता बाबांनी आधी मुक्कामाचं दार उघडलं.

इथे एक गोष्ट खटकते, आणि खटकायलाच पाहिजे. पंढरपुरात बाबांच्या प्रेरणेने मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली. जात मोडा म्हणून रात्र रात्र कीर्तनात सांगणारा माणूस, आणि धर्मशाळा जातवार? मला वाटतं, त्यांनी जे समोर होतं तिथून सुरुवात केली. जातीच्या नावाने पैसा उभा राहत होता, त्या त्या समाजातली माणसं जबाबदारी घेत होती, आणि ज्यांना कुणीच आत घेत नव्हतं त्यांना निदान छप्पर मिळत होतं. हा उपाय अपुरा होता, पण आषाढीच्या पावसात उभ्या असलेल्या कुटुंबाला पूर्ण उपायाची वाट बघायला वेळ नव्हता. तुमचं मत वेगळं असू शकतं. कॉमेंटमध्ये भांडूया.

पैसा कुठून यायचा? कीर्तनातून. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे. संध्याकाळपर्यंत लोक लाजून का होईना हातभार लावायचे. रात्री कीर्तन, त्यात प्रश्नावर प्रश्न, अगदी आपल्या वऱ्हाडी बोलीत. देवाला नवस म्हणून बकरं का कापता, कर्ज काढून सण का करता, पोरगं शाळेत का घालत नाही. लोक हसायचे आणि हसता हसता अडकायचे. त्यातून देणग्या यायच्या, पण त्या बाबांच्या खिशात जायच्या नाहीत. खिसाच नव्हता.

माझ्या मते सगळ्यात विचार करण्यासारखा भाग मालकीचा आहे. फुकट किंवा स्वस्त जागेचं दोन प्रकारे वाटोळं होतं. एक तर ती कुणाचीच नसते, म्हणून घाण होते. नाहीतर ती हळूहळू कुणाची तरी होते, आणि मग त्याचे पाहुणे आत, बाकीचे बाहेर. बाबांनी आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर काडीचाही हक्क नाही हे स्पष्ट करून ठेवलं होतं. एवढ्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. हे ऐकायला भारी वाटतं, पण कुंताबाईंच्या बाजूने बघा. नवरा साऱ्या जगाच्या मुक्कामाची सोय करून राहिला आणि आपल्या घराला छप्पर नाही. त्या बाईने काय सोसलं असेल, हे आपल्या इतिहासाने फारसं लिहून ठेवलं नाही.

मालकी सोडायची म्हणजे कुणाच्या तरी हाती द्यायचीही. १९४९ मध्ये चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री. ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी बांधलेली वास्तू, शिक्षणाच्या कामासाठी, त्यांच्याच नेत्याच्या हाती. उरलेल्या पसाऱ्यासाठी ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशन स्थापन झालं.

आता मुंबईकडे येऊ, कारण तुमच्यापैकी काही जणांचा हा विषय आज, या आठवड्यातला असणार आहे.

आयुष्याच्या शेवटी शेवटी बाबांची नजर तीर्थावरून दवाखान्याकडे गेली. १९५४ मध्ये मुंबईत भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. मला हा फार मोठा बदल वाटतो. यात्रेकरू चार दिवसांनी घरी जातो, त्याच्या मनात आनंद असतो. रुग्णाचं कुटुंब किती दिवस राहणार हे त्यालाच माहीत नसतं. गाठीला पैसे मोजके, शहर अनोळखी, डोक्यात भीती. मुक्कामाची खरी गरज कुणाला आहे, हे त्या शाळा न शिकलेल्या माणसाने बरोबर हेरलं होतं.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीपाशी, बाबा गेले. त्याच्या सातच आठवडे आधी, १ नोव्हेंबरला, वऱ्हाड मुंबई राज्याला जोडलं गेलं होतं. परमुलूख कागदावर संपला होता. बाबासाहेब दोन आठवडे आधी, ६ डिसेंबरला गेले होते.

कागदावर संपला म्हणतोय, कारण आजही अकोल्याच्या स्टेशनवर रात्री विदर्भ एक्स्प्रेसची वाट बघणाऱ्या गर्दीत पिशवीत फायली घेतलेली माणसं दिसतात. सकाळी दादर. तिथून परळ, टाटा मेमोरियल. १९४१ पासून सुरू असलेलं हे रुग्णालय कॅन्सरसाठी देशभरातल्या गरिबांचा आधार आहे. पण रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे कित्येक आठवडे. समजा लॉजचं भाडं रोज १५०० रुपये, तर चाळीस दिवसांचे झाले ६० हजार. जेवण वेगळं. उपचार सवलतीत मिळतात आणि माणूस खोलीच्या भाड्यामुळे उपचार अर्धवट सोडून परत येतो, असंही घडतं. काही जण फुटपाथवर पथारी टाकतात. आणि किमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. अशा वेळी घाणेरड्या जागेत संसर्ग झाला तर पुढचा डोस लांबतो. शंभर वर्षांपूर्वीच्या वाळवंटासारखंच आहे हे, फक्त पटकीच्या जागी दुसरा आजार.

म्हणून दादर पूर्वेला गाडगेबाबांच्या नावाची जी धर्मशाळा आहे, ती वऱ्हाडातल्या कित्येक घरांना माहीत असते. कॅन्सरचे रुग्ण आणि सोबतची माणसं तिथे अगदी कमी खर्चात राहतात. ती एकटीच नाही. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. लहान मुलाला कॅन्सर असेल तर सेंट ज्यूडची केंद्रं आहेत, २००६ पासून, आणि तिथे मुलासोबत आईवडिलांचीही मोफत सोय होते.

कुणाच्या घरी ही वेळ आली असेल तर काही कामाच्या गोष्टी. आधी जागा आणि मग दवाखाना असा क्रम बहुतेक ठिकाणी चालत नाही. रुग्णालयाची फाईल, डॉक्टरांचं किंवा समाजसेवा विभागाचं पत्र लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी नोंदणी झाली की समाजसेवा विभाग गाठायचा, जागेचं तिथे विचारायचं, लाजायचं नाही. आधार कार्ड आणि फोटो सोबत ठेवा. सोबतीला किती जण चालतील, किती दिवस राहता येईल, स्वयंपाक करता येतो का, हे फोनवर आधी विचारा, कारण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आणि ते बदलतात. जागा लगेच मिळेलच असं नाही, तेव्हा पहिल्या दोन-तीन रात्रींची वेगळी तजवीज करून निघा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.

आणि तिथे गेल्यावर खोली स्वतः झाडायला सांगितली तर तोंड वाकडं करू नका.

पुढच्या भागात मूर्तिजापूरलाच थांबू. शकुंतला रेल्वे कुणाच्या मालकीची होती, आणि ती का थांबली. भेटू, मंडळी.