जेवता हात

मराठीत रश्शाला ‘कालवण’ म्हणतात. हा शब्द ‘कालवणे’ या क्रियापदावरून आला आहे. पदार्थाचे नाव त्यातल्या जिनसांवरून पडलेले नाही. तो भातात मिसळताना बोटे जे करतात, त्यावरून पडले आहे. शिळ्या पोळीचा ‘कुस्करा’ही तसाच. हातावर पोट असणे, हातातोंडाशी आलेला घास जाणे: ओढगस्तही मराठी माणूस हात आणि तोंड यांच्यातल्या अंतरानेच मोजतो.

हिंदीत अनुवाद करताना यातले बरेचसे निभावते. अडते ते ‘खरकटे’ या शब्दापाशी. उष्टे म्हणजे कुणाचे तरी तोंड लागलेले. खरकटे म्हणजे शिजलेले अन्न, विशेषतः भाताचे शीत लागलेले. मग त्याला कुणी तोंड लावलेले नसले तरी. म्हणून जेवणारा खरकट्या हाताने लोणच्याच्या बरणीला शिवत नाही, पाण्याचे भांडे डाव्या हाताने उचलतो. हिंदीतला ‘जूठा’ या दोन्ही अर्थांना एकाच पोत्यात घालतो.

जबलपूरसारख्या गावात हा फरक केवळ कोशातला राहत नाही. १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे, १८१७ मध्ये इंग्रजांकडे. पुढे १९५६ पर्यंत राजधानी नागपूर. त्यामुळे इथे मराठी आणि हिंदी स्वयंपाकघरे पिढ्यानपिढ्या शेजारी नांदली. मराठी घरात सोवळे-ओवळे आणि खरकटे. हिंदी घरात ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ रसोई. पाण्यात शिजलेले डाळ-भात आणि रोटी ही कच्ची. ती आपल्या किंवा वरच्या मानलेल्या जातीच्याच हातची चाले. तुपात तळलेली पुरी पक्की. ती आणखी पुष्कळांच्या हातची चाले. हलवायाच्या दुकानात आणि प्रवासाच्या शिदोरीत पुरीचा मान मोठा, त्यामागे हेही एक गणित होते. शब्द वेगळे, पण दोन्हीकडे पाण्यात शिजलेले अन्नच विटाळाला सर्वांत हळवे मानलेले.

मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले रेल्वेमार्ग जबलपुरातच जोडले गेले. अनोळखी माणसे एका बाकावर आली, पण स्थानकांवर हिंदूंचे पाणी आणि मुसलमानांचे पाणी वेगळे राहिले.

हाताने जेवण्याविषयी आज बोलताना वाद बहुधा हात की चमचा, असा मांडला जातो. एका बाजूला न्यूनगंड, दुसऱ्या बाजूला अभिमान. पण काट्याचा इतिहास वेगळेच सांगतो. टॉमस कोरियाट या इंग्रज प्रवाशाने १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात इटलीतल्या काट्याची नवलाई नोंदवली. तेव्हा इंग्लंडात लोक बोटांनीच जेवत. त्याने दिलेले कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे: सामाईक ताटातल्या मांसाला कुणी बोट लावलेले इटालियनांना खपत नाही, कारण सगळ्यांची बोटे सारखी स्वच्छ नसतात. काट्यापायी मायदेशी थट्टा झालेला हा माणूस पुढे हिंदुस्थानात आला आणि १६१७ मध्ये सुरतेत वारला.

शंका दोन्हीकडे एकच होती: दुसऱ्याच्या हाताची. तिथे ताट सामाईक राहिले आणि हात व अन्न यांच्यामध्ये धातू आला. इथे हात अन्नातच राहिला, पण प्रत्येकाचे पान वेगळे झाले, आणि पुढे पंगतीही वेगळ्या झाल्या. ‘आपला हात आपल्या पानात’ ही स्वच्छतेची चांगली रीत आहे. मात्र तिच्याच आधाराने कुणाचा हात चुलीला लागावा, कुणी वाढावे आणि कुणी अंगणाबाहेर बसावे, हेही ठरत गेले.

म्हणून आपल्याकडच्या सुधारकांनी हाताला नव्हे, या विभागणीला हात घातला. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसत्या चहा-बिस्किटांवरून रानडे आणि टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आले. तिथे भाताचे शीतही नव्हते. १९१७ मध्ये केरळात चेराई इथे सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या समाजातूनही विरोध झाला. यांपैकी कुणाचाही झगडा चमच्यासाठी नव्हता.

वरणभात कालवताना बोटांना त्याची ऊब कळते, मुलाला पहिला घास आईच्या बोटांवरून मिळतो. हे सुख खरे आहे, ते सोडण्याचे कारण नाही. पण त्याला परंपरा म्हणून मिरवताना तिचा दुसरा अर्धा भागही सोबत घ्यायला हवा. आपण हाताने जेवतो, एवढे सांगून भागत नाही. कुणाच्या हातचे जेवतो आणि कुणाच्या शेजारी बसून, हेही सांगावे लागते.