पुन्हा विचारायचं, पण कधी?

शेगाव स्टेशनाबाहेरच्या टपरीवर वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला. वस्तीतला एक पोरगा म्हणाला, सार्वमत घ्या. दुसऱ्यानं विचारलं, हरले तर? तो म्हणाला, पुन्हा घेऊ. सगळे हसले. मी हसलो नाही. कारण हाच प्रश्न १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात आपल्या जिवाचा झाला होता, आणि आपण तो विसरून बसलो आहोत.

पुणे कराराचं आपण काय सांगतो? स्वतंत्र मतदारसंघ गेले, ७१ च्या जागी १४८ राखीव जागा आल्या. एवढंच. पण शेवटच्या दिवसांत घासाघीस वेगळ्याच गोष्टीवर अडली होती. राखीव जागा कधी बंद करायच्या ते अस्पृश्यांचं सार्वमत घेऊन ठरवा, असं बाबासाहेबांचं म्हणणं होतं. म्हणजे आमचा हक्क काढायचा तर आम्हालाच विचारून काढा. मग ते कधी घ्यायचं? बाबासाहेब दहा वर्षांच्या खाली येईनात. उपाशी गांधी पाच वर्षांवर अडून बसले.

पाच की दहा, यात एवढं काय? तर सगळं त्यातच आहे. पाच वर्षांत पाटील तोच, विहीर तीच, मजुरी त्याच्याच शेतावर. त्याच्या डोळ्यांदेखत दिलेलं मत आमचं कसं? पुन्हा विचारायचं तर मधल्या काळात माणसाचं जगणं बदलायला पाहिजे. नाहीतर तो प्रश्न नाही, तगादा आहे.

शेवटी २४ सप्टेंबरला सह्या झाल्या. सार्वमत गळालं. दोन्ही समाजांच्या आपसातल्या संमतीनं ठरेतोवर राखीव जागा चालू राहतील, असं कलम आलं. पुढं राज्यघटनेत दहा वर्षांची मुदत पडली आणि संसद ती वाढवतच गेली. शेवटची वाढ २०३० पर्यंत. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं १९५५ साली या कायदेमंडळातल्या राखीव जागा नकोत असा ठरावसुद्धा केला होता. कोणी ऐकला? मुदत आमची, मोजणारे दुसरे.

आता गोवा बघा. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांचा फरक. आपल्याकडच्या पुष्कळांना हे पचलं नाही. पण मार्चमध्ये त्याच गोवेकरांनी विलीनीकरणवाल्या बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं! कूळ-मुंडकारांना बांदोडकर पाहिजे होते, मुंबईचं सरकार नको होतं. लोक अडाणी नसतात. असा स्पष्ट कौल मिळाल्यावर, फक्त आपण हरलो म्हणून पुन्हा मत मागणं हा रडीचा डाव. मात्र वेगळं राज्य हा पर्याय त्या कागदावर नव्हताच. ते ३० मे १९८७ ला झालं, मत न घेता. मला त्यात अन्याय दिसत नाही. जे विचारलंच नव्हतं, त्याचं उत्तर १९६७ मध्ये कसं मिळणार?

दूर पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया म्हणून फ्रान्सच्या ताब्यातला मुलूख आहे. तिथं तीन वेळा विचारायचं हे १९९८ च्या करारातच आलं होतं. २०१८ आणि २०२० मध्ये स्वातंत्र्यवाले हरले, पण अंतर कमी झालं. २०२१ ला करोनानं कनाक लोकांची माणसं गेली, घरोघर सुतक. ते म्हणाले, थांबा. सरकार थांबलं नाही. त्यांनी बहिष्कार घातला आणि फ्रान्सच्या बाजूनं ९६ टक्के मतं पडली. असलं मत पुन्हा घ्यावंच लागेल, मी तर म्हणतो.

हे सगळं मी वस्तीतल्या मावशीला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "मास्तर, पुन्ना इचारासाठी आंधी एकदा तं इचारलं पायजे ना! आमाले कोनं इचारलं?"

खरंच. १८५३ ला निजामानं फौजेच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे दिला. १९०२ ला वर्षाला २५ लाखांवर कायमचा भाडेपट्टा, पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडणी. १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळा विदर्भ सुचवला. बाबासाहेबांनीही त्याच साली मराठी मुलखाची चार राज्यं करा असं लिहिलं. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. माझा आजा एका जागी बसून तीन राज्यं फिरला. आणि घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणं आजही सीमा संसद ठरवते, विधानसभेचं मत फक्त ऐकून घेते.

तरी उद्या विदर्भाचं मत घ्यायचं ठरलंच तर माझं मागणं एवढं आहे. पुन्हा केव्हा विचारणार ते आधीच कागदावर लिहा, जिंकणाऱ्याच्या सोयीनं नंतर नको. आणि मतं बूथवार मोजू नका. सगळ्या तालुक्याची एकत्र मिसळा. बूथवार मोजली की आमच्या वस्तीनं काय केलं ते संध्याकाळपर्यंत गावाला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीन कापायला कोणाला बोलवायचं नाही, तेही ठरतं.