संकेतलेखन, गणितीय : शब्दरूप

गणितातील राशी, क्रिया व त्यांचे परस्परसंबंध थोडक्यात आणि निःसंदिग्धपणे मांडण्याच्या पद्धतीस गणितीय संकेतलेखन म्हणतात. आधुनिक चिन्हे मुख्यतः दृष्टीसाठी आहेत. ‘दोन अधिक तीन गुणिले चार’ असे केवळ ऐकणाऱ्यास, विशेषतः अंध विद्यार्थ्यास, उत्तर १४ की २० हे शब्दांवरून ठरविता येत नाही. गुणाकार आधी करण्याचा नियम ठाऊक असावा लागतो. संकेत उच्चारातही निःसंदिग्ध राहतील काय, हा त्यामुळे महत्त्वाचा प्रश्न होय.

भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) बीजगणित या ग्रंथातील संकेत शब्दांपासूनच बनले आहेत. पहिली अव्यक्त राशी यावत्तावत् म्हणजे ‘या’. पुढील राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे असून ‘का’, ‘नी’, ‘पी’ ही त्यांची संक्षिप्त रूपे होत. वर्गासाठी ‘व’ व व्यक्त संख्येसाठी ‘रू’ (रूप) लिहीत आणि ऋण संख्येवर टिंब देत. भुंग्यांच्या थव्याच्या प्रसिद्ध उदाहरणातील समीकरण या पद्धतीने असे मांडले जाते :

याव २ या ९ं रू ०
याव ० या ० रू १८

म्हणजे राशीच्या वर्गाच्या दुपटीतून राशीची नऊपट वजा केल्यास १८ उरतात. यावरून राशी ६ येते; थवा तिच्या वर्गाच्या दुप्पट मानलेला असल्याने भुंगे ७२ होत. येथे बरोबरीचे चिन्ह नाही. दोन बाजू एकाखाली एक लिहिल्या की समीकरण झाले. अक्षरे उच्चारता येतात, मांडणी मात्र पाहावीच लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे पाटण (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखावरून कळते. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ग्रंथांच्या भाषांतरांबरोबर यूरोपीय चिन्हे मराठी पाठ्यपुस्तकांत आली.

मांडणीही उच्चारात आणण्याचा प्रयत्न तर्काधिष्ठित कृत्रिम भाषांत झाला. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत आरंभिलेल्या लोगलान भाषेतून १९८७ मध्ये लोजबान ही भाषा निघाली. तीत ‘पा’ म्हणजे एक, ‘रे’ म्हणजे दोन व ‘पारे’ म्हणजे बारा. अधिकसाठी ‘सुहि’, गुणिलेसाठी ‘पिहि’, बरोबरीसाठी ‘दु’ असून कंस उघडण्यास ‘वेइ’ व मिटण्यास ‘वेहो’ म्हणतात. विशेष सूचना नसल्यास क्रिया डावीकडून क्रमाने होतात; म्हणून वरील उदाहरणाचे उत्तर २० येते. गुणाकारापूर्वी ‘बिहे’ म्हटल्यास ते १४ होते.

अशा रीतीने संदिग्धता टळते. परंतु लांब पदावलीतील कंस ऐकून लक्षात ठेवणे कठीण जाते. भास्कराचार्यांच्या दोन ओळींत नजरेला जे एकदम दिसते, ते कानाला क्रमानेच मिळते.