दूरदेशीचा भाऊ : फादर थॉमस स्टीफन्स

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून फादर थॉमस स्टीफन्स आपणा सर्वांना परिचित आहेत. मराठीच्या गौरवाचा विषय निघाला की त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु ग्रंथाच्या थोरवीपुढे ग्रंथकर्ता माणूस अनेकदा झाकोळून जातो. हा माणूस कुणाचा तरी पुत्र, कुणाचा भाऊ, कुणाचा जिवलग मित्र होता. चार शतकांनंतरही त्याची ही नाती आपल्याला कळू शकतात, कारण त्याच्या माणसांनी त्याची पत्रे जपली. त्या नात्यांचे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करीत. भाऊ रिचर्ड पुढे पॅरिसमध्ये ईशज्ञानाचे अध्यापन करू लागला. तो काळ राणी एलिझाबेथच्या राजवटीचा होता. मिस्सा ऐकणे हा गुन्हा ठरला होता आणि कॅथलिक कुटुंबे दहशतीच्या छायेत वावरत होती.

या दिवसांत त्यांना थॉमस पाउंड हा मित्र लाभला. पाउंड राणीच्या दरबारातील उमराव. दरबारी नृत्यात पाय घसरून तो पडला, तेव्हा राणीने सर्वांसमक्ष त्याची थट्टा केली. या अपमानाने त्याला ऐहिक वैभवाचा वीट आला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. पुढे तो आणि स्टीफन्स श्रद्धावंतांच्या गाठीभेटी घेत हिंडू लागले. संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स त्याच्या सेवकाच्या वेषात वावरत. रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा दोघांनी निश्चय केला. पण प्रयाणापूर्वीच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 20 ऑक्टोबर 1575 रोजी उमेदवार म्हणून संघात दाखल झाले.

बंदिवान मित्राला मात्र ते विसरले नाहीत. त्याला संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि 1578 साली पाउंड तुरुंगात असतानाच ती विनंती मान्य झाली. पाउंडने आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. एक मित्र कोठडीत, दुसरा सातासमुद्रांपलीकडे. तरी व्रत एकच! मैत्रीची याहून सुंदर सांगता कोणती असू शकेल?

4 एप्रिल 1579 रोजी स्टीफन्स यांनी लिस्बनचा किनारा सोडला आणि त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. पुढच्याच महिन्यात, 10 नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. आरंभी वडिलांचे आशीर्वाद मागितले, आईला नमस्कार कळवला आणि मग प्रवासाची हकीकत सांगितली: हिरड्या सुजवणारा खलाशांचा आजार, वारे, समुद्रपक्षी, वाट शोधताना नावाड्यांची होणारी तारांबळ. हॅक्लूट याने 1589 साली आपल्या प्रवाससंग्रहात हे पत्र छापले.

बरोबर चार वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1583 रोजी, त्यांनी रिचर्डला लॅटिनमधून पत्र पाठवले. कल्पवृक्षासारख्या माडाचे त्यात कौतुक आहे. या देशाच्या भाषा गोड असून त्यांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असेही निरीक्षण आहे. हेच साम्य सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात मांडले ते 1786 साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर! असा शोध भावाशी केलेल्या हितगुजात सापडावा, हे विशेष.

याच पत्रात एक दुःखद वार्ताही आहे. 25 जुलै 1583 रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांतील रुडॉल्फ अक्वाविवा हे अकबराच्या दरबारातून नुकतेच परतले होते. त्यांचे सख्खे काका क्लॉडियस अक्वाविवा त्या वेळी संघाचे महाधिपती होते. संघाने हुतात्मा मिळवला, पण काकाने पुतण्या गमावला. दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे स्मरली पाहिजे. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे उद्ध्वस्त केली होती, आणि हत्येनंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. दोन्हीकडच्या घरांत आक्रोश झाला.

अशा जखमी भूमीत स्टीफन्स यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. लोकांची भाषा त्यांनी आपली केली. 1616 साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या पुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. नवख्रिस्ती प्रश्न विचारतात आणि गुरू उत्तर देतो, असा त्यातील संवाद आहे. अडलेल्या परक्यांसाठीही ते धावून जात. 1583 साली राल्फ फिच व त्याचे इंग्रज सोबती गोव्यात कैदेत पडले, तेव्हा पंथभेद न मानता त्यांनी सुटकेसाठी खटपट केली.

1619 साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. मायदेशी ते पुन्हा गेले नाहीत. पुराणाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. रोमन लिपीतील हस्तलिखिते मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्यांच्या आधारेच जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 साली ग्रंथ पुन्हा प्रकाशात आणला. स्टीफन्स यांची पत्रे आणि त्यांचे पुराण ही दोन्ही अशी माणसांच्या मायेनेच वाचली.

आपल्याही घरांतून कुणी बोटीवर गेले, कुणी आखातात, कुणी मठात. त्यांची पत्रे ट्रंकेच्या तळाशी पिवळी पडत असतील. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे मिस्सेसाठी लिहून देतो. ते योग्यच आहे. पण नुसत्या नावावरून पुढच्या पिढीला काका कसा होता, मामा कसा हसत असे, हे कळणार नाही. ज्यांना ते आठवते अशी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून ठेवावे. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेइतकेच तेही प्रेमाचे कर्तव्य आहे.