भीमथडीचं तट्टू

नगर जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून भीमा वाहते. श्रीगोंदा, कर्जत हे तिच्या काठचे तालुके. या थडीवर वाढलेलं घोडं ते भीमथडी. ठेंगणं, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर निभावणारं.

त्याचं कूळ शोधायचं तर थेट बंदरावर जावं लागतं. बहमनी काळात सरदारांचे घोडे अरबस्तान-इराणातून जहाजांनी येत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला. एका खोरासानी अधिकाऱ्याने रदबदली केली म्हणून निकितिन सुटला. घोड्याचं मोल तेव्हा एवढं होतं! या मुलुखात घोडे पैदाच होत नाहीत, असं निकितिनने लिहून ठेवलं. त्याच्या नजरेत दरबारी घोडे असावेत. गावठी तट्टं इथे होतीच. त्यांच्यात अरबी, तुर्की रक्त मिसळत गेलं आणि भीमथडी घडलं, असं मानतात.

दुष्काळी माळावर भारी फौजेला दमवायला असलंच जनावर हवं. निजामशाहीच्या मलिक अंबरने मराठी घोडदळाच्या जोरावर गनिमी लढाई उभी केली. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने मुघल आणि विजापूरच्या फौजा एकत्र मोडल्या. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. शिलेदाराचं घोडं स्वतःचं, बारगिराचं सरकारी. त्यामुळे घोडं मेलं की शिलेदाराची पतच जाई. अशा घरात खरारा, तोबरा, खुरांची निगा या गोष्टी बायका-पोरांनाही ठाऊक असणारच.

मेंढपाळ आणि स्वार यांच्यातलं अंतरही फार नव्हतं. मल्हारराव होळकर धनगराचे पोर. मामाच्या पथकातून घोड्यावर चढले. त्यांची सून अहिल्याबाई १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मली. जिल्ह्याला आज तिचंच नाव आहे.

१८१८ला पेशवाई बुडाली, पागा मोडल्या. भीमथडी टिकलं ते धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळावर, आणि मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पावसाळा सरला की पारनेर-संगमनेरकडच्या मेंढ्या चाऱ्यासाठी बाहेर पडतात. पुरुष मेंढ्यांमागे जातात, बिऱ्हाड हलवणं बायकांकडे. पहाटे पाठीवर जाड खोगीर पडतं, तंग आवळला जातो, मग दोन्ही अंगांना सारखा भार: भांडी, धान्य, मेंढ्या कोंडायच्या वाघरीची जाळी. वर कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी चालून थकलेलं पोरगं. एक बाजू जड झाली तर ओझं वाटेतच कलंडतं. शिंगरू आईच्या मागे मोकळं चालतं. रस्ता, मोटारी, कुत्री, ओढ्याचं पाणी हे सगळं पाहून ते बुजायचं थांबतं. पाठीवर भार फार नंतर येतो. नातीने आजीच्या हाताखाली तंग आवळायला शिकायचं, एवढीच इथली तालीम.

अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. उशिरा का होईना, ते रास्त झालं. आता पैदाशीच्या योजना आखल्या जातील तेव्हा या बायकांना आधी विचारायला हवं. कोणती घोडी वाटेत अडते, कोणती मुकाट घाट चढते, हे त्यांना पाठ असतं. चराईच्या वाटा कुंपणांनी आणि इमारतींनी अडत चालल्या आहेत. त्या खुल्या राहिल्या तरच वाड्यावर घोडी राहतील.