जमीन तीच, दप्तर वेगळं

एक पेच हल्ली बऱ्याच घरांत येतो. मुलीने तिच्या मॅकवर फोटो भरून दिलेली हार्ड डिस्क आईबाबा त्यांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरला लावतात. दिवा लागतो, डिस्क फिरल्याचा बारीक आवाजही येतो, आणि फोटोंच्या जागी पडद्यावर एक पाटी येते. ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? पाटी इतकी साळसूद असते की बोट आपसूक 'हो'कडे जातं. आणि एकदा 'हो' म्हटलं की दहा वर्षांचे फोटो... असो. त्या बोटाला अडवावं, म्हणून हा सगळा प्रपंच.

नुसतं 'नको म्हणा' एवढं सांगून माझं समाधान होत नाही. डिस्क तीच, वायर तीच, आतले फोटोही सुखरूप. मग एका यंत्राला जे दिसतं ते दुसऱ्याला का दिसू नये? याचं उत्तर यंत्रात कमी आणि इतिहासात जास्त आहे.

डिस्क म्हणजे शेतजमीन समजा. सारख्या आकाराचे लाखो तुकडे. त्यातला कुठला तुकडा कुठल्या फाईलच्या नावावर आहे, हे जमिनीकडे बघून कळत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात असतं. या दप्तराला म्हणायचं फाईल सिस्टिम. विंडोज, मॅक आणि लिनक्स हे तीन तलाठी, आणि तिघांची दप्तरं तीन लिप्यांत. गंमत म्हणजे दुसऱ्याचं दप्तर उघडून काही लागलं नाही, तर विंडोज 'मला वाचता येत नाही' असं कबूलच करत नाही. 'जमीन बेवारस दिसते, नव्याने मोजणी करू का?' असं विचारतो. मॅक त्या मानाने बरा. 'या कॉम्प्युटरला ही डिस्क वाचता येत नाही' इतपत तरी बोलतो. अर्थात शेजारी पुसायचं बटणही ठेवतोच!

आता ही दप्तरं वेगळी झाली कशी?

सगळ्यात जुनं आणि साधं दप्तर 'फॅट'चं. १९७७ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी ते फ्लॉपीसाठी बनवलं. त्यात एक तक्ता असतो. फाईलचा पहिला तुकडा कुठे आहे ते तिच्या नावापाशी लिहिलेलं, आणि पुढचा कुठे ते तक्त्यात. लहान मुलांच्या खजिना शोधायच्या खेळासारखं, एका चिठ्ठीतून दुसरीकडे. टिम पॅटरसन यांनी १९८० साली लिहिलेल्या डॉसमध्ये ही कल्पना घेतली, ते डॉस मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर फॅट जगभर गेलं. फाईलच्या नावाला आठ अक्षरं आणि शेपटाला तीन, हा त्याचा नियम. कॅमेऱ्यातल्या फोटोंची नावं अजून 'आयएमजी'नंतर एक रेघ आणि चार आकडे अशी मोजून आठ अक्षरांची असतात, ती त्याच नियमाच्या वळणाने.

ॲपलने १९८४ साली मॅकिंटॉश आणला तो स्वतःची चूल मांडूनच. पुढच्या वर्षी हार्ड डिस्कबरोबर 'एचएफएस' आलं. तेव्हा तर भांडण दप्तराच्याही आधीचं होतं. मॅकची ४०० केबीची फ्लॉपी फिरवताना तिचा वेग बदलत राहायचा. आतल्या वर्तुळावर वेगळा, बाहेरच्या वर्तुळावर वेगळा. पीसीच्या ड्राइव्हला तिच्यावरचे ठिपकेसुद्धा टिपता येत नसत, दप्तर वाचणं दूरच. दोन्ही तऱ्हेच्या फ्लॉप्या वाचणारा ड्राइव्ह ॲपलने आणला १९८८ साली.

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर 'एनटीएफएस' आलं. हे दप्तर पक्कं. कुणाला काय बघू द्यायचं याची नोंद, आणि मध्येच वीज गेली तर हिशेब सावरायला वेगळी रोजवही. २००१ च्या विंडोज एक्सपीने ते घरोघरी नेलं. पण त्याची मांडणी मायक्रोसॉफ्टने पूर्ण प्रसिद्ध केली नव्हती. तलाठ्याने दप्तर कुलपात ठेवलं होतं म्हणा ना.

ते कुलूप उघडण्याची गोष्ट मला या सगळ्यात जास्त आवडते. लिनक्सवाल्यांनी, विशेषतः मार्टिन फॉन लोविस आणि पुढे अँटन अल्तापार्माकोव्ह यांनी, डिस्कवरचे आकडे बघून बघून मांडणी ताडायला सुरुवात केली. एखादी फाईल बनवायची, कुठले आकडे बदलले ते बघायचं, पुसायची, पुन्हा बघायचं. मोडी न शिकवलेल्या माणसाने नुसत्या कागदांवरून मोडी लावण्यातला प्रकार. वाचणं बरंच आधी जमलं. लिहायला मात्र वर्षं गेली, कारण वाचण्यात चूक झाली तर काही दिसत नाही, लिहिण्यात चूक झाली तर दुसऱ्याचं दप्तर बिघडतं. साबोल्च साकाचिच यांचं 'एनटीएफएस-थ्रीजी' २००७ साली पक्कं म्हणून जाहीर झालं, तेव्हा लिनक्सवरून विंडोजच्या डिस्कवर निर्धास्त लिहिता येऊ लागलं. मॅक २००३ पासून एनटीएफएस नुसतं वाचतो. वेगळं सॉफ्टवेअर घातल्याशिवाय लिहीत नाही. म्हणून 'फोटो दिसतात पण नवे टाकता येत नाहीत' ही तक्रार.

यावर तोडगा म्हणून लोक फॅटकडेच परतले. त्याची सुधारलेली आवृत्ती, 'फॅट-३२', १९९६ सालची. सगळे ती वाचतात. पण फाईलची लांबी लिहायला तिच्यात जागाच ३२ बिटांची, म्हणून ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. डिस्क अर्धी रिकामी, आणि लग्नाचा व्हिडिओ मात्र जात नाही, त्याचं कारण हे. २००६ साली मायक्रोसॉफ्टने 'एक्सफॅट' आणून ती मर्यादा उठवली. पण ते पेटंटच्या कुंपणात होतं. ते कुंपण नुसतं दाखवायला नव्हतं. रस्ता दाखवणारी यंत्रं करणाऱ्या टॉमटॉम कंपनीवर २००९ साली मायक्रोसॉफ्टने जो खटला भरला, त्यात फॅटमधल्या लांब नावांची पेटंटंही होती. महिन्याभरात तडजोड झाली. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची मांडणी जाहीर केली, लिनक्सला ते वापरायला मोकळीक दिली, आणि त्याच नोव्हेंबरात ते लिनक्समध्ये आलं.

या भांडणात आपली मराठीही सापडली, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सबंध अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. मॅकचं १९९८ सालचं 'एचएफएस प्लस' फाईलच्या नावातली अशी अक्षरं फोडून ठेवतं. लिनक्सचं दप्तर नाव जसं येईल तसं ठेवतं. त्यामुळे मॅकवरून फोडलेलं नाव तसंच लिनक्सवर पोचलं, तर 'दुसऱ्या दिवशीचे फोटो' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी बसू शकतात. डोळ्याला एकच नाव, यंत्राला दोन! ॲपलच्या २०१७ च्या नव्या 'एपीएफएस'ने ही फोड थांबवली.

थोडक्यात काय, तर 'वाचता येत नाही' आणि 'तिथे काही नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पडद्यावरची पाटी तो फरक सांगत नाही. या चाळीस-पन्नास वर्षांत सगळ्यात उत्तम दप्तर टिकलं असं झालेलं नाही. टिकलं ते फॅट, जे साधं होतं आणि सगळ्यांना वाचता येत होतं. कुलपातली दप्तरंसुद्धा आज वाचता येतात ती कुणीतरी रात्री जागून ती लावली म्हणून. आठवणी किती दिवस राहणार हे डिस्कच्या किमतीवर कमी, आणि तिची लिपी किती जणांना येते यावर जास्त ठरतं.

तेव्हा डिस्क दिसत नसेल तर 'नको' म्हणा आणि ती जिथे भरली तसल्या यंत्राला लावा. तिथे ती बहुधा उघडेल. फॉरमॅट चुकून झालंच असेल, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. झटपट फॉरमॅटमध्ये नुसतं कोरं दप्तर ठेवलं जातं, जुनं पीक बऱ्याचदा जमिनीत असतं आणि जाणकाराला काढता येतं. इकडून तिकडे न्यायची डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवा, पण त्याला एनटीएफएससारखी रोजवही नाही, म्हणून काढण्याआधी नीट 'इजेक्ट' करा. दुसरी प्रत हवीच.

आणि डिस्कवर एक कागदाची चिठ्ठी चिकटवा: आत काय आहे, कुठल्या कॉम्प्युटरवर भरलं, कुठल्या साली. ते वाचायला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही.