सरकी पेंड व पिलांचा आहार

कपाशीच्या बियांना सरकी म्हणतात व त्यांतील तेल काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यास सरकी पेंड हे नाव आहे. टरफलासह गाळलेल्या पेंडीत प्रथिने सु. २२%, तर टरफल काढून गाळलेल्या पेंडीत सु. ४०% असतात. दुभत्या गाई-म्हशींना व कामाच्या बैलांना ही पेंड मानवते. परंतु कोवळ्या वासरांना आणि डुकराच्या पिलांना तीच घातक ठरू शकते. मातेचा खुराक पिलाला का चालत नाही, याचे उत्तर दोघांच्या पचनेंद्रियांत सापडते.

खानदेशातील पार्श्वभूमी : तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीमुळे खानदेश हा कापसाचा मुलूख ठरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाला मोठी मागणी आली. पूर्वी घरोघरी हातरेच्यावर कापूस वठला जाई व सरकी शेतकऱ्याच्या गोठ्यातच राही. यांत्रिक जिन आल्यावर ती कारखान्यात जमा होऊ लागली व विक्रीचा माल बनली. सुरतेहून निघालेली तापी खोऱ्यातील रेल्वे अमळनेरला पोहोचली, तेव्हा या गावाच्या व्यापाराला गती मिळाली. येथे प्रताप शेठ यांची कापडगिरणी निघाली. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या व पुढे ‘विप्रो’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीचा वनस्पती तुपाचा कारखानाही अमळनेरचाच. स्वातंत्र्योत्तर काळात देशात सरकीचे गाळप वाढले आणि अख्ख्या सरकीबरोबरच पेंडही गोठ्यात रूढ झाली.

विषारीपणाचा शोध : सरकीतील सूक्ष्म ग्रंथींत एक पिवळे रंगद्रव्य असते. मार्खलेव्हस्की यांनी १८९९ मध्ये त्यास गॉसिपॉल हे नाव दिले. अमेरिकेत सरकीच्या पेंडीवर पोसलेली डुकरे काही आठवड्यांनी धापा टाकून मरत. कारण मात्र उमगत नव्हते. विदर्स व कॅरूथ यांनी १९१५ मध्ये गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असल्याचे दाखविले. ॲडम्स यांनी १९३८ मध्ये त्याची रासायनिक संरचना निश्चित केली. या विषाने हृदयाचे स्नायू दुर्बल होतात, छातीत पाणी साचते व भूक मंदावते. विष हळूहळू साठत असल्याने लक्षणे उशिरा दिसतात.

माता व पिलू : गाईच्या रोमंथिकेत, म्हणजे पहिल्या जठरकक्षात, सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे बरेचसे गॉसिपॉल प्रथिनांशी बद्ध होऊन निरुपद्रवी बनते. त्यामुळे माफक सरकी खाणाऱ्या गाईच्या दुधाने वासराला सहसा बाधा होत नाही. वासराची रोमंथिका मात्र जन्मतः अविकसित असते. दूध तिला वगळून थेट चौथ्या कक्षात जाते. रोमंथिका कार्यक्षम होण्यास सु. दोन-तीन महिने लागतात. त्याआधी दूध तोडून सरकी दिल्यास विष अडविणारी यंत्रणाच नसते.

डुकराला अशी यंत्रणा कधीच लाभत नाही. त्याच्या पिलास जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात चिकातून रोगप्रतिबंधक द्रव्ये मिळावी लागतात. त्यानंतर आतड्यातून त्यांचे शोषण थांबते. पुढेही मातेचे दूध आतड्याचे संरक्षण करते. दूध तुटताच हे संरक्षण संपते, आतड्यातील अंकुरक आखूड होतात व हगवण लागते. शिवाय पिलास रोज सु. ७ मिग्रॅ. लोह लागते, तर मातेच्या दुधातून सु. १ मिग्रॅ.च मिळते. गॉसिपॉल लोहाशी संयोग पावत असल्याने ही उणीव अधिकच वाढते.

उपाय : लोहाची क्षारे हा यावरील उतारा असल्याचे १९१३ मध्येच दिसून आले होते. उष्णतेनेही विष बद्ध होते. पण त्याबरोबर लायसीन हे ॲमिनो अम्लही अडकून पडते व पेंडीचा कस उतरतो. डुकरांच्या खाद्यात मुक्त गॉसिपॉल ०·०१ टक्क्याहून अधिक नसावे, असा दंडक आहे. अमेरिकेत कीर्ती राठोड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बियांत अत्यल्प गॉसिपॉल असलेली कपाशी सिद्ध केली. २०१९ मध्ये तेथे तिच्या बियांना अन्न व पशुखाद्य म्हणून मान्यता मिळाली.

गोठ्यातील व्यवहारापुरता निष्कर्ष सरळ आहे : सरकी द्यावयाची ती गाईला, वासराला तिचे सत्त्व दुधातून पोहोचू द्यावे. दूध तोडताना पिलापुढे भुईमुगाची बुरशीरहित पेंड, सोयाबीन पेंड वा भरडलेले धान्य ठेवणे श्रेयस्कर होय.